जोडसिलिंडर म्हणजे जोडइंजिन नव्हे

बर दुबईच्या फ्लॅटमध्ये राहून मॉडेल विमानांचा छंद सांभाळणाऱ्या मराठी मंडळींत मोठ्या इंजिनाचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास येतं: "दोन सिलिंडरचं घ्या, एक बंद पडला तरी दुसरा विमान परत आणेल." वाक्य पटकन पटतं, म्हणूनच ते महाग पडतं. माझं मत वेगळं आहे. दोन सिलिंडरचं इंजिन घ्यावं ते कंपन कमी होतं म्हणून. भरवशासाठी ते घेऊ नये, आणि दुबईच्या उन्हात तर दोन्ही सिलिंडरांना वारा कसा मिळणार हे पाहिल्याशिवाय मुळीच घेऊ नये.

डीए-१०० किंवा डीएलई-६० यांसारखं पेट्रोलवरचं टू-स्ट्रोक ट्विन बॉक्सर घडणीचं असतं. सिलिंडर समोरासमोर, क्रँककेस एकच आणि कार्ब्युरेटरही एकच. दोन्ही पिस्टन एकदमच बाहेर जातात, एकदमच आत येतात आणि दोन्ही प्लग एकाच क्षणी ठिणगी टाकतात. कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकला, टाकीतली नळी निसटली किंवा इग्निशनची बॅटरी उतरली, तर दोन्ही सिलिंडर एकदमच गप्प होतात. उरतो एकच प्रसंग, एक प्लग मेल्याचा. प्रोपेलरला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाप्रमाणे वाढते, त्यामुळे ताकद निम्मी झाली तरी फेरे सुमारे ७९ टक्के आणि ओढ सुमारे ६३ टक्के उरायला हवी. कागदावर हा हिशेब दिलासा देतो. पण जोडीतला एक बैल बसला, तर दुसऱ्याला गाडीबरोबर त्यालाही ओढावं लागतं. मेलेल्या सिलिंडरचं घर्षण जिवंत सिलिंडरच्या माथी येतं, एकाच बाजूचे धक्के बसून इंजिन हादरतं आणि थ्रॉटल कमी करताच ते बहुधा थांबतं. शिवाय प्लग दोन, म्हणजे त्यांतला एखादा बिघडण्याची शक्यताही जवळपास दुप्पट.

मग ट्विन घ्यायचंच कशाला? याचं उत्तर कंपनात आहे. एका पिस्टनचा झटका क्रँकवरच्या प्रतिभाराने पूर्ण मारता येत नाही. बॉक्सरमध्ये दोन पिस्टन विरुद्ध दिशांना धावतात आणि झटके एकमेकांना खातात, उरतो तो थोडासा हेलकावा. लाकडी सांध्यांना, सर्व्होंना, रिसीव्हरला याचा खरा फायदा होतो. काहींना ट्विनचा आवाज हवा असतो. पण टू-स्ट्रोक बॉक्सर एकदमच पेटत असल्याने त्याच्या ठोक्यांचा ताल सिंगलसारखाच येतो. वेगळा आवाज हवा असेल तर आळीपाळीने पेटणारं फोर-स्ट्रोक ट्विन घ्यावं लागेल, आणि त्याची किंमत व व्हॉल्व्हची देखभाल सोसावी लागेल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लहान सिलिंडर लवकर थंड होतात, मग उष्ण प्रदेशात ट्विनच बरं नाही का? एका ६० सीसी सिलिंडरपेक्षा त्याच प्रमाणबद्धतेच्या दोन ३० सीसी सिलिंडरांचं पृष्ठफळ सुमारे २६ टक्के जास्त भरतं, हे खरं. पण तोच वाढीव पृष्ठभाग आतल्या ज्वलनाची उष्णताही जास्त शोषतो आणि घर्षणही वाढवतो, म्हणून तेवढ्याच सीसीत सिंगल सहसा हलकं आणि जोमदार ठरतं. त्यात ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे नऊ टक्के विरळ असते, म्हणजे ताकदही घटते आणि थंडावाही. काउलमध्ये, म्हणजे इंजिनावरच्या आवरणात, आडोसे घालून वारा दोन्ही सिलिंडरांच्या पंखांतूनच जायला लावला नाही, आणि बाहेर पडण्याची वाट आत येणाऱ्या वाटेच्या दुप्पट-तिप्पट ठेवली नाही, तर एक सिलिंडर थंड आणि दुसरा भाजलेला राहतो. कार्ब्युरेटर एकच असल्याने मिश्रण ठरवणाऱ्या त्याच्या सुईने ही तफावत भरून काढता येत नाही. उन्हाळ्यात उडवतोच कोण, असं कुणी म्हणेल. पण डिसेंबरच्या सकाळी बसवलेली सुई मार्चच्या दुपारी तशीच चालत नाही. दर मोसमात ती नव्याने बसवावी, आणि कमाल फेऱ्यांपेक्षा दोनतीनशे फेरे कमी राहतील इतपत मिश्रणात पेट्रोल जास्त ठेवावं.

म्हणून निवडीचा क्रम महत्त्वाचा. आधी परवानगी पाहा. जानेवारी २०२२ मध्ये अमिरातीच्या गृहमंत्रालयाने ड्रोन आणि हलक्या क्रीडाविमानांची उड्डाणं थांबवली होती, पुढे ही बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली. नियम असे बदलतात. त्यात खाडीपलीकडे विमानतळ असलेल्या बर दुबईत उड्डाणाचा विचारही नको. मग पेट्रोल कुठे ठेवणार ते ठरवा, कारण फ्लॅटची बाल्कनी ही त्याची जागा नव्हे. पुढे भारतात परतायचं असेल, तर पेट्रोल लागलेलं इंजिन विमानाच्या सामानात सहजी जात नाही, हेही हिशेबात धरा. त्यानंतर विमान, मग काउल आणि शेवटी इंजिन. साधारण ६० सीसीपर्यंत सिंगल पुरतं, १०० सीसीपासून पुढे ट्विनच स्वाभाविक, मधल्या पट्ट्यात काउलचा आकार निर्णय देतो. पायपर जे-३ कबसारख्या विमानात मूळ इंजिनाचे सिलिंडर दोन्ही बाजूंना उघडे असतात, तिथे बॉक्सर शोभतं आणि त्याला वाराही मिळतो. अरुंद, बंद नाकाच्या विमानात तेच ट्विन पैसे घालवून डोकेदुखी विकत घेण्यासारखं आहे. आणि कोणतंही इंजिन घ्या, ते हवेत बंद पडणार असं धरूनच विमान उतरवायचा सराव करा. तो भरवसा कुठलाही सिलिंडर देत नाही.