शकांची वही

पालखी पुण्यात मुक्कामी असताना एका मुलाने विचारले, "तुकोबाराय माउलींना भेटले होते का हो?" मंडळी हसली, पण उत्तर चटकन कुणाला देता येईना!

वाचकहो, एक साधी वही करावी. डावीकडे परंपरेने मानलेला शक, उजवीकडे प्रसंग. १२१२ ज्ञानेश्वरी. १२१८ आळंदीस माउलींची समाधी. १२६० मंगळवेढ्यास चोखोबांचा अंत. १५०६ नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. १५७१ तुकोबांचे प्रयाण. म्हणजे मुलाच्या प्रश्नाला ३५३ वर्षांचे उत्तर आहे.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जानेवारी लागल्यापासून फाल्गुनअखेर मात्र ७९. बीज फाल्गुनातली, म्हणून १६५०. इथे पुष्कळांची चूक होते.

आता गंमत पाहा. नामदेवरायांचा जन्म ११९२ चा. चोखोबांच्या अस्थी आणायला गेले तेव्हा ते अडुसष्टीचे होते आणि माउलींना जाऊन बेचाळीस वर्षे झाली होती. पडलेल्या कुसाखाली हाडे कानाला लावून विठ्ठलनाम ऐकणारा तो म्हातारा! कीर्तनात आपण त्यांना तरुणच रंगवतो.

तिसरा रकाना हवाच: गोष्ट लिहिली कधी? महिपतींचा 'भक्तविजय' १६८४ चा, माउलींनंतर ४६६ वर्षांनी. चांगदेवांची चौदाशे वर्षे वहीत मावत नाहीत. ती खोडू नयेत, निराळ्या पानावर घ्यावीत. शिवाजीराजे तुकोबांच्या प्रयाणावेळी वीस वर्षांचे. भेट वयाने बसते. पण बसते म्हणून झालीच, असे वहीत लिहू नये.