पोलादाची परीक्षा

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हे लहानसे स्थानक आहे. पौषातील पहाटे तेथील शेतांवर कडाक्याची थंडी उतरते. अशाच थंडीत रेल्वेचे गस्तवाले हाती दिवा घेऊन रूळ न्याहाळीत मैलोगणती चालतात. पोलादासारख्या बळकट धातूची एवढी काळजी कशासाठी?

गुळाचा कोमट पाक हळूहळू ओढला, तर त्याची तार निघते. तोच पाक थंड झाल्यावर त्यावर बत्त्याचा घाव घातला, तर त्याचे तुकडे उडतात. पोलादाचेही काहीसे असेच आहे. त्याचे अणू थरांनी रचलेले असतात. सावकाश ताण दिला, तर हे थर एकमेकांवरून सरकतात. म्हणून पोलाद तुटण्यापूर्वी लांबते किंवा वाकते. परंतु सरकण्यास अवधी लागतो आणि थंडीत ते अधिकच कठीण होते. आघात क्षणार्धात झाला, तर ती सवड मिळत नाही. त्यातच एखादा तडा असला, तर सारा ताण त्याच्या टोकाशी एकवटतो आणि पोलाद काचेप्रमाणे तडकते.

हा गुण मोजण्याची रीत १९०१ साली जॉर्ज शार्पी या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडली. खाच पाडलेल्या पोलादी तुकड्यावर जड लोलक आदळवितात. तुकडा मोडून लोलक पलीकडे जितका कमी उंच चढेल, तितके ते पोलाद अधिक चिवट समजावे.

१६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टडी’ हे नवे जहाज शांत पाण्यात उभे असतानाच दुभंगले. सदोष जोड आणि थंडीत ठिसूळ झालेले पोलाद यांमुळे हा अनर्थ ओढवला.

सलग जोडलेले रूळ थंडीत आकसू पाहतात. पण जखडलेले असल्यामुळे त्यांत ताण साठतो. अशा वेळी झिजून सपाट झालेले चाक हातोड्यासारखे त्यांवर आदळते. रुळांच्या पोटातील तडे आता श्रवणातीत ध्वनिलहरींनी शोधता येतात. तरीही गस्त थांबलेली नाही. रूळ तुटलेला दिसताच गस्तवाला लाल दिवा दाखवून येणारी गाडी थोपवितो. गाडीतील शेकडो प्रवासी त्या वेळी निद्रेत असतात. त्यांच्यासाठी तो जागा असतो.

स्वाध्याय
१. थंडीत पोलाद ठिसूळ का होते?
२. लोलक कमी उंच चढला, तर त्यावरून काय समजते?