नोंद एक, जागा एक



पदवीनंतर काय, याची चर्चा निघाली की ‘इन्फर्मेशन सिस्टीम्स’ म्हणजे माहिती प्रणाली या विषयातील पदव्युत्तर शिक्षणाचे नाव येते. पालक लगेच विचारतात, “म्हणजे कॉम्प्युटरच ना?” हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. संगणक त्यात आहेच; पण अभ्यास होतो तो माणसे, कामाची पद्धत, नोंदी आणि यंत्र या चौघांच्या मेळाचा. एका उदाहरणाने पाहू.

समजा, रोल नंबर ३१४७ चा कॅडेट सत्राच्या मध्यावर ज्युनियर हाऊसमधून सीनियर हाऊसमध्ये गेला. त्याच्या हाऊसचे नाव कार्यालय, मेस, स्टोअर आणि एम.आय. रूम अशा चार रजिस्टरांत आहे. कार्यालयाने व मेसने बदल केला. इतर दोघांना कोणी कळवलेच नाही. त्याला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, ही सूचना एम.आय. रूमने जुन्याच हाऊसमास्टरांकडे पाठवली. रात्री ताप चढला, तेव्हा नव्या हाऊसमास्टरांना त्याची कल्पना नव्हती. येथे कोणी खोटे लिहिले नाही. तरीही धोका निर्माण झाला, कारण एकच गोष्ट चार जागी लिहिलेली होती.

या दुखण्यावर उपाय मांडला एडगर कॉड यांनी. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते. पुढे आयबीएममध्ये काम करत असताना ते पुन्हा विद्यार्थी झाले आणि १९६५ साली, वयाच्या चाळिशीनंतर, मिशिगन विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. १९७० मध्ये त्यांनी ‘रिलेशनल मॉडेल’ प्रसिद्ध केले आणि १९८१ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्यांच्या पद्धतीत माहिती तक्त्यांत ठेवतात. प्रत्येक ओळीला स्वतःची ओळख असते, जसा आपला रोल नंबर. हाऊसचे नाव एकाच तक्त्यात राहते. बाकी विभाग रोल नंबरच्या आधारे तेथूनच ते वाचतात. बदल एकदा केला की सर्वांना दिसतो.

मात्र दोन प्रश्न यंत्र सोडवत नाही. बदल करण्याची जबाबदारी कोणाची? आणि कोणी काय पाहावे? मेसला पथ्य कळायला हवे, संपूर्ण आजारपण नव्हे. म्हणूनच या अभ्यासक्रमांत डेटाबेस, नेटवर्क आणि प्रोग्रॅमिंगबरोबर प्रणाली विश्लेषण, माहिती सुरक्षा व प्रकल्प व्यवस्थापन हे विषयही असतात. विश्लेषण शिकणारा विद्यार्थी आधी काम करणाऱ्यांशेजारी बसून त्यांचे म्हणणे ऐकतो. संगणक नंतर उघडतो.

आपल्या देशात या वाटेवरची सर्वांत परिचित पदवी म्हणजे एम.सी.ए. पूर्वी ती तीन वर्षांची होती, आता दोन वर्षांची आहे. एनआयटींतील प्रवेशासाठी निमसेट परीक्षा असते. एम.टेक.साठी गेट परीक्षेचा मार्ग आहे. एनडीएत जाणाऱ्यांनीही ही वाट बंद समजू नये: तेथे बी.एस्सी. संगणकशास्त्र शिकता येते आणि पुढे सेवेत राहून इग्नूमधून एम.सी.ए. करता येते. या सगळ्यांत गणिताचा आधार लागतो. तेव्हा गणित कठीण वाटते म्हणून आज ते सोडू नका.

स्वाध्याय: रविवारच्या आउटपासचा प्रवास कागदावर काढा. तो कोण भरतो, सही कोण करतो, गेटवर काय लिहिले जाते, परतल्यावर नोंद कोठे होते? तुमचे नाव एकूण किती वेळा लिहिले गेले ते मोजा. मग एकेक नोंद खोडून पाहा आणि स्वतःला विचारा: ही नसती तर कोणाचे काम अडले असते? कोणाचेच अडत नसेल, तर ती नोंद जादा आहे. अडत असेल, तर ती अचूक ठेवण्याची जबाबदारी कोणाची, ते तिच्यापुढे लिहा.