घरी न्या म्हणाले, पुढे काय?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना तोंडाचा कॅन्सर आहे. ऑपरेशन, शेक सगळे मुंबईला झाले, पण गाठ परत आली. आता डॉक्टरांनी ‘पॅलिएटिव्ह केअर घ्या’ म्हणून मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्यात. नातेवाईक म्हणतात, ही अफू आहे, माणूस गुंगीतच जातो. म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले असेच ना? आणि घरी सगळे मलाच करायचे, तर ते शिकवणारे कुणी आहे का?
— एक वाचक, ता. मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : ताई, आधी गोळीचे बोलू. कारण माझा अंदाज आहे की ती अजून पाकिटातच पडून असेल.

मॉर्फिन अफूपासूनच होते, एवढे नातेवाइकांचे खरे. ही अफू सरकारी परवान्याने पिकते तीही फार लांब नाही, शेजारच्या मध्य प्रदेशात, मंदसौर-नीमचकडे. पण १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्यांचा असा ससेमिरा लावला की बहुतेक दवाखान्यांनी हे औषध ठेवणेच सोडले, आणि डॉक्टरांच्या एका पिढीला ते वापरायला शिकायलाच मिळाले नाही. २०१४ मध्ये कायदा सुधारला. लोकांच्या मनातली भीती मात्र काही कायद्याने सुधारत नाही.

कॅन्सरच्या दुखण्यावर डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत मॉर्फिन घेणाऱ्याला व्यसन लागणे विरळच. गुंगी येते ती बहुधा पहिले काही दिवस. हाका मारूनही जाग येत नसेल किंवा श्वास फार संथ झाला असेल, तर मात्र लगेच डॉक्टरांना कळवा. खरी चूक घराघरांत वेगळीच होते : ‘फारच दुखले तर देऊ’ म्हणून गोळी राखून ठेवतात. साधी गोळी साधारण चार तास पुरते. म्हणून ती घड्याळ बघून द्यायची, कळ येण्याची वाट न बघता. मॉर्फिनने बद्धकोष्ठ हमखास होतो आणि हा त्रास आपोआप जातही नाही, त्यामुळे पोट साफ होण्याचे औषध सोबत लिहून दिले आहे का ते बघा. मनाने गोळी एकदम बंद करू नका. जेवणासाठी नळी घातली असेल आणि गोळी त्यातून द्यायची असेल तर आधी विचारा : साधी गोळी कुटून पाण्यात विरघळवता येते, पण बारा तास चालणारी गोळी कुटली तर सगळे औषध एकदम अंगात उतरते. ते धोक्याचे आहे.

डॉक्टरांनी हात टेकले का? नाही. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे रुग्णाचे दुखणे आणि इतर त्रास कमी करणारी सेवा. २०१० मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या डॉक्टरांनी फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर पहिल्यापासूनच ही सेवा दिली होती. ते कमी उदास राहिले आणि सरासरी अडीच-तीन महिने जास्त जगले. तुमच्या सासऱ्यांचा आजार वेगळा, तेव्हा महिन्यांचा हिशेब इथे मांडू नका. पण ही सेवा शेवटी नव्हे, निदानाच्या दिवसापासून मिळायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता शिकण्याचे. पुण्यात वारज्याला सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून आहे. तिथे रुग्णाबरोबर घरचे माणूसही राहते, शुश्रूषा शिकते आणि मग दोघे घरी जातात. पैसे घेत नाहीत. केरळने तर २००८ मध्ये यासाठी सरकारी धोरणच केले आणि गावोगावचे स्वयंसेवक तयार केले. मेहकरहून पुणे लांब पडते, हे कळते. तेव्हा सुरुवात बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात विचारून करा. गावच्या आरोग्य केंद्रांनी द्यायच्या सेवांच्या यादीतही ही सेवा आहे, म्हणून आशाताईंनाही सांगून ठेवा. मुंबईच्या डॉक्टरांचा फोन नंबर कागदपत्रांवर असेल. आजकाल बरेच काही फोनवर विचारता येते.

कुणीही शिकवणारे भेटले की ‘सांगू नका, माझ्याकडून करून घ्या’ म्हणा. नळीतून भरवताना डोके उंच, नंतर अर्धा तास आडवे करायचे नाही, शेवटी नळीत पाणी सोडायचे. पडून असतील तर दर दोन तासांनी कूस बदलायची. जखमेला वास येत असेल तर लाज वाटून घेऊ नका. त्यावर मेट्रोनिडाझोलची पूड वापरतात, डॉक्टरांना विचारा. उदबत्त्या लावून भागत नाही. मानेजवळ गाठ असेल तर रक्तस्राव होऊ शकतो का, हेही धीराने विचारून ठेवा. तसे असेल तर गडद रंगाचे टॉवेल हाताशी ठेवतात, म्हणजे लाल रंग बघून रुग्ण आणि घरचे निम्मे तरी कमी घाबरतात.

जेवत नाहीत म्हणून घास कोंबू नका. आजार पुढे गेला की भूकच मरते, त्यात सुनेचा दोष नाही, शेजारीण काहीही म्हणो. आणि त्यांच्यापासून आजार लपवला असेल, तर त्यांनी विचारल्यावर निदान खोटे बोलू नका. शेती कुणाच्या नावे करायची, मुलीला कधी बोलवायचे, हे त्यांनाही ठरवायचे असते.

‘सगळे मलाच करायचे’ हे तुमचे वाक्य मला खटकले. नळीत पाणी सोडायला बाईचाच हात लागतो असे नाही. शिकायला जाल तेव्हा नवऱ्याला बरोबर न्या, आणि रात्रीची पाळी त्याच्याकडे द्या.