ऊसबिलाचा पैसा, फंडाचा नफा आणि आयकराचे विवरणपत्र



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की पूर्वी त्याची ठेव पावती होई, सोने होई, नाहीतर रान वाढे. अलीकडे आपल्यापैकी पुष्कळांनी म्युच्युअल फंडात रकमा टाकल्या आहेत. पैसे घालताना एजंट घरी येतो, चहा घेतो. युनिट विकल्यावर आयकराचे विवरणपत्र भरताना मात्र सभासद एकटाच असतो. म्हणून या अंकात तेवढाच विषय घेतला आहे. खालील हिशेब १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या वर्षातल्या विक्रीचा आहे.

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे खरे. पण त्या पैशातून घेतलेल्या युनिटवर जो नफा होतो तो शेतीचा नव्हे, तो भांडवली नफा. "सगळा पैसा उसाचाच होता की" हे म्हणणे आयकर खात्यापुढे चालत नाही. कारखान्याच्या ऊसबिलाच्या पावत्या जरूर जपाव्यात. मुद्दल कोठून आले हे त्यांनी दाखवता येते. नफ्याला त्यांचा उपयोग नाही.

नफा कसा धरायचा ते पाहू. शेअर बाजारात पैसा गुंतवणारा इक्विटी फंड असेल आणि युनिट १२ महिन्यांहून जास्त काळ ठेवले असतील, तर नफा दीर्घ मुदतीचा. वर्षाला अशा १ लाख २५ हजारांपर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के. १२ महिने किंवा त्याआत विकले तर नफा अल्प मुदतीचा, त्यावर २० टक्के, आणि त्याला सव्वा लाखाची सवलत नाही.

समजा, जून २०२३ मध्ये ३ लाख घातले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ४ लाख ६० हजारांना विकले. नफा १ लाख ६० हजार. सव्वा लाख वजा जाता ३५ हजार उरले. त्यावर कर ४,३७५ आणि ४ टक्के उपकर १७५, एकूण ४,५५० रुपये. पण थांबा. या सभासदाला शेतीखेरीज दुसरे उत्पन्न नसेल, तर नव्या कररचनेत पहिल्या ४ लाखांवर कर नाही आणि हा नफा त्यातच बसतो. त्याला काहीच भरावे लागत नाही. हेच युनिट नोकरीतल्या मुलाच्या नावावर असतील तर गोष्ट वेगळी. त्याचा पगार ९ लाख असून त्यावर कर शून्य आला, तरी ४,५५० रुपये भरावेच लागतील. "बारा लाखांपर्यंत कर नाही" असे जे गावोगाव ऐकू येते, ती सूट या नफ्यावरच्या कराला लागू नाही. इथे बरेच जण फसतात.

एसआयपीवाल्यांनी एक ध्यानात ठेवावे. दर महिन्याचा हप्ता ही स्वतंत्र खरेदी आहे. जानेवारी २०२४ पासून दर ५ तारखेला हप्ता गेला आणि १० डिसेंबर २०२५ ला सगळे विकले, तर डिसेंबर २०२४ पर्यंतचे हप्ते दीर्घ मुदतीचे, जानेवारी २०२५ पासूनचे अल्प मुदतीचे. थोडेच युनिट विकले तर आधी घेतलेले आधी गेले असे धरतात. एका योजनेतून दुसऱ्या योजनेत बदल केला, हाती रुपया आला नाही, तरी ती विक्रीच.

बिलाचे पैसे लागणीच्या खर्चापर्यंत लिक्विड फंडात ठेवणारेही आहेत. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या अशा रोख्यांच्या फंडाचा नफा, मुदत कितीही असो, इतर उत्पन्नात मिळवून नेहमीच्या दराने करपात्र होतो.

आता फॉर्म. 'सहज' हा छोटा फॉर्म सव्वा लाखापर्यंतचा दीर्घ मुदतीचा नफा घेतो, म्हणून तोच भरा असे कोणी सांगेल. पण शेतीचे उत्पन्न ५ हजारांच्या वर असले की तो चालत नाही, आणि आपल्यात असा ऊसउत्पादक विरळाच! धंदा नसेल तर आयटीआर-२ भरावा, दुकान, ट्रक असा धंदा असेल तर आयटीआर-३. शेतीचे निव्वळ उत्पन्न ५ लाखांवर असेल तर जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, स्वतःची की खंडाची, बागायत की जिराईत हेही लिहावे लागते. सातबारा जवळ घेऊनच बसावे.

हिशेब हाताने मांडत बसू नये. कॅम्स आणि केफिनटेक या दोन संस्था बहुतेक फंडांची नोंद ठेवतात. त्यांच्याकडून पॅनवर भांडवली नफ्याचा उतारा मिळतो. तो आयकर खात्याच्या वार्षिक माहिती पत्रकाशी, म्हणजे एआयएसशी, ताडून पाहावा. त्या पत्रकात विक्रीची रक्कम असते, खरेदीची किंमत कधी कधी नसते. ती आपण घालायची, नाहीतर सगळी विक्रीच नफा दिसेल.

मालकिणीच्या नावावर आपल्या पैशाने युनिट घेतले असतील, तर तो नफा सर्वसाधारणपणे आपल्याच उत्पन्नात धरला जातो. आणि तोटा झाला असेल तरी विवरणपत्र मुदतीत भरावे. मुदतीत भरले तरच तो तोटा पुढची ८ वर्षे भांडवली नफ्यातून वजा करता येतो. त्यातही दीर्घ मुदतीचा तोटा फक्त दीर्घ मुदतीच्याच नफ्यातून वजा होतो, अल्प मुदतीचा दोन्हींतून.