सायकलीला बसविलेली मोटर : कृती आणि हिशेब



सायकल हे फार काटकसरी यंत्र आहे. आपल्यापैकी पुष्कळजण रोज सायकलने शाळेत येतात, पण तिचे दाते कोणी मोजले आहेत का? मी मोजले. ताईच्या सायकलच्या पुढच्या मोठ्या चकतीला ४४ दाते आहेत आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. ४४ भागिले १८ म्हणजे २.४४. पायडलचा एक फेरा झाला की मागचे चाक जवळजवळ अडीच फेरे फिरते. गुणोत्तर म्हणून आपण गणिताच्या तासाला शिकलो ते हेच.

पण पाय तर आपलेच. साधा माणूस सपाट रस्त्यावर तासभर सायकल चालवितो तेव्हा त्याच्या पायांतून साधारण ७५ ते १०० वॅट एवढी शक्ती निघते. म्हणजे घरातल्या एका छताच्या पंख्याएवढी. समोरून वारा लागला किंवा चढ आला की एवढी शक्ती पुरत नाही आणि माणूस खाली उतरून सायकल ढकलतो. म्हणून सायकलला छोटे इंजिन किंवा मोटर लावावी असे पुष्कळ लोकांना वाटले आणि त्यांनी तसे केले.

त्यात जपानच्या सोइचिरो होंडा यांची गोष्ट मला सर्वांत आवडते. दुसरे महायुद्ध संपल्यावर तिथे पेट्रोल मिळेना आणि गाड्यांत पाय ठेवायला जागा नसे. १९४६ साली होंडांना सैन्याच्या बिनतारी यंत्राचे जनरेटर चालविणारी छोटी इंजिने सापडली. युद्ध संपल्यामुळे ती नुसती पडून होती. त्यांनी ते इंजिन साध्या सायकलला लावले. पेट्रोलच्या टाकीसाठी काय वापरले असेल? अंथरुणात पाय शेकायला जपानी लोक गरम पाण्याचे भांडे ठेवतात, ते! त्यांच्या पत्नी साची यांनी ती सायकल रस्त्यावर चालवून पाहिली. दोनच वर्षांनी, १९४८ मध्ये, होंडा कंपनी उभी राहिली. आज आपल्या गावात त्या नावाच्या किती गाड्या उभ्या असतात ते तुम्हीच मोजा.

आपल्या महाराष्ट्रातही असे झाले. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंग कंपनीने १९७२ साली ‘लूना’ ही गाडी काढली. इंजिन ५० सीसीचे आणि शिवाय पायडलही. पेट्रोल संपले तर सायकलसारखी पाय मारीत घरी यायचे. आमचे आजोबा सांगतात की गावात पहिली लूना आली तेव्हा पोरे तिच्यामागे धावत जात. पेट्रोलची लूना पुढे बंद पडली, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत विजेवर चालणारी ई-लूना बाजारात आली. तिला मात्र पायडल नाही.

आता आमच्या घरची गोष्ट. माझी ताई १९ वर्षांची आहे. तिचे कॉलेज आमच्या गावापासून ११ किलोमीटर आहे. प्रॅक्टिकल असले की सायंकाळची बस निघून जाते. मग ती सायकलनेच जाते-येते, जायला ५५ मिनिटे, यायला ५५. घरी आली की जेवते आणि पुस्तक उघडायच्या आत झोपते. बाबा म्हणाले होते, “पुढच्या वर्षी कॉलेज बंद करा, पोरगी वाळून राहिली.” आई काही बोलली नाही. ताईपण नाही बोलली.

आमचे मामाजी शेतातल्या पंपाच्या मोटरी बांधतात, म्हणजे जळलेल्या मोटरीला नवी तार गुंडाळून देतात. सायकलला मोटर लावून पाहायची, हा त्यांचा जुना छंद. ते म्हणाले, “सायकल दे मले पंधरा दिवस. मंग बोलू कॉलेजचं.”

त्यांनी २५० वॅटची, २४ व्होल्टची मोटर आणली. ७४६ वॅट म्हणजे एक अश्वशक्ती. तेव्हा ही मोटर म्हणजे एका घोड्याचा तिसरा हिस्सा, किंवा अडीच-तीन माणसांचे पाय. सोबत एक कंट्रोलर, मोटर चालू करायची मूठ, ब्रेकचे दोन दांडे आणि एकावर एक अशी दोन फ्रीव्हील होती. एका फ्रीव्हीलवर पायडलची चेन जाते, दुसऱ्यावर मोटरची. फ्रीव्हील दोन का? मोटर बंद करून पायडल मारले तर मोटर फुकट फिरू नये, आणि मोटर चालली तर पायडल आपल्या पायावर आदळू नये म्हणून.

मुठीचे गुपित मामाजींनी मला उघडून दाखविले. आत छोटे लोहचुंबक आहे. मूठ पिरगळली की चुंबक सरकते आणि त्याची खबर तारेतून कंट्रोलरला जाते. कंट्रोलर वीज कमी-जास्त करतो असे आपल्याला वाटते, पण तो खरे म्हणजे वीज एका सेकंदात हजारो वेळा चालू-बंद करतो. चालूचा वेळ जास्त ठेवला की मोटर जोरात, बंदचा जास्त ठेवला की हळू.

मोटरसोबत जी लोखंडी पट्टी आली होती ती फार पातळ निघाली. तिसऱ्याच दिवशी वाकली आणि चेन उतरली. मामाजींनी वेल्डिंगवाल्याकडून जाड अँगलचा तुकडा कापून नवी पट्टी करून घेतली. मोटर जेव्हा चेन ओढते तेव्हा ती स्वतःही चेनकडे ओढली जाते. ही गोष्ट मला तेव्हाच नीट समजली.

बॅटऱ्यांचे फार दिवस जमेना. मुलींच्या सायकलला मधली आडवी दांडी नसते, त्यामुळे तिथे पेटी अडकवायला जागाच नाही. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, मिळून ८ किलो. कॅरिअरवर ठेवल्या तर सायकल उभी करताना डुलून पडे आणि पुढचे चाक हलके लागे. शेवटी दूधवाल्याच्या कॅनसारखी मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक पेटी खाली लटकविली. वजन जितके खाली तितकी सायकल शहाणी. माझ्या मते सगळ्या कामात हीच युक्ती सर्वांत चांगली झाली, पण पाहायला येणारे लोक मोटरच पाहतात!

वेग किती येईल ते आम्ही आधी कागदावर काढले. मोटरच्या बाहेरच्या दांड्याचे मिनिटाला ३०० फेरे. तिच्या चक्राला ९ दाते, फ्रीव्हीलला १८. म्हणून चाकाचे फेरे निम्मे, १५०. टायरला खडूची खूण करून एक फेरा जमिनीवर मोजला तर २ मीटर ७ सेंटिमीटर भरला. १५० गुणिले २.०७ म्हणजे मिनिटाला ३१० मीटर. तासाचे झाले साडेअठरा किलोमीटर. रस्त्यावर नुसत्या मोटरवर १८ आले. अर्धा किलोमीटर वाऱ्याने खाल्ला असेल.

बाबांना मात्र वेगाचे काही वाटले नाही. ते म्हणाले, “चालवाले काय, कोणीही चालवील. थांबते कशी ते पहिले दाखवा.”

म्हणून एका रविवारी आम्ही गोसेखुर्दच्या कालव्याच्या पाळीवर गेलो. चुन्याच्या रेघा मारून ५० मीटर मोजले. ५० मीटर जायला १८ सेकंद लागले तर ताशी १० किलोमीटर, ९ सेकंद लागले तर ताशी २० किलोमीटर. मामाजी सायकलवर, मी टेप घेऊन, ताई घड्याळ घेऊन. शेवटच्या रेघेवर ब्रेक दाबायचा. १० च्या वेगाने सायकल १ मीटर ५५ सेंटिमीटरवर थांबली. २० च्या वेगाने, म्हणजे मोटर चालू आणि वर पायडलही मारीत, ती ६ मीटर २० सेंटिमीटरवर थांबली. वेग दुप्पट, पण अंतर चौपट! गुरुजींना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. २ चा वर्ग ४. ब्रेकच्या रबराला ती सगळी ऊर्जा घासून घासून उष्णता करून टाकावी लागते.

मग बाबांनी स्वतः कालव्यातून बादलीभर पाणी आणून दोन्ही रिमांवर ओतले आणि म्हणाले, “आता करा.” ओल्या रिमवर रबर घसरले आणि सायकल ११ मीटरवर जाऊन थांबली. सगळे गप्प झाले. हे अंतर ब्रेक दाबल्यापासूनचे आहे. समोर गाय आली हे डोळ्याला दिसून हात दांड्यावर जाईपर्यंत एक सेकंद जरी गेला तरी २० च्या वेगाने सायकल साडेपाच मीटर पुढे गेलेली असते.

त्याच आठवड्यात चारही ब्रेकची रबरे आणि दोन्ही केबल नव्या घातल्या. नव्या दांड्यांत एक बारीक तार असते. ब्रेक थोडा दाबला की मोटरची वीज आपोआप तुटते. ती तार जोडल्याशिवाय सायकल दारातून काढायची नाही, असे बाबांनी ठरविले.

दुसरी अडचण नियमाची. बॅटरीच्या दुचाकीला नोंदणी आणि लायसन लागू नये असे असेल तर तिच्या मोटरची शक्ती २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत पाहिजे. शिवाय तपासणी संस्थेने ती पास केलेली पाहिजे. घरी जोडलेल्या सायकलला असा दाखला नसतो. पेट्रोलचे इंजिन लावणाऱ्यांसाठी तर २५ सीसीच्या वर गेले की ती सरळ मोटार वाहनातच मोजली जाते. आणि ५० सीसीपर्यंतची गाडी चालवायलासुद्धा १६ वर्षे पूर्ण लागतात. आपल्या सातवीतला कोणी “मी पण लावतो” म्हणत असेल तर त्याने हे घरी वाचून दाखवावे. म्हणून आमच्या घरी असे ठरले की कालव्याच्या पाळीच्या ७ किलोमीटरवर मोटर चालवायची, आणि मोठ्या रस्त्याचे ४ किलोमीटर स्विच बंद करून पायाने जायचे. ट्रकच्या रस्त्यावर मोटर चालणार नाही, यावर बाबांशी कोणी वाद घातला नाही.

विजेचा हिशेब असा. बॅटऱ्या २४ व्होल्ट, १२ अँपिअर-तास. गुणाकार २८८ वॅट-तास. पण शिशाच्या बॅटरीतली सगळी वीज रोज काढली तर ती लवकर मरते. मामाजींनी निम्मीच वापरायला सांगितली, म्हणजे १४४. जाऊन-येऊन मोटरचे अंतर १४ किलोमीटर. पायडल मारीत चालविली तर एका किलोमीटरला साधारण १० वॅट-तास लागतात, म्हणजे १४० झाले. जेमतेम बसते. एखाद्या दिवशी ताईने पायडल नाही मारले तर शेवटचा किलोमीटर मोटर कुंथते. चार्ज करायला रोज पाव युनिटाच्या आत वीज जाते. लिथियमची बॅटरी फार हलकी असते, पण तिची किंमत ऐकून मामाजी दुकानातून परत आले. एकूण खर्च साडेआठ हजार झाला. त्यातले पाच हजार मामाजींनी दिले आणि त्याबद्दल बोलू देत नाहीत.

एक गोष्ट पालकांसाठी. बॅटरीच्या दोन टोकांवर लोखंडी पाना पडला तर ठिणगी उडते आणि हात भाजतो. मामाजींनी पान्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळली आहे आणि बॅटरीजवळच फ्यूज बसविला आहे. चार्जिंग ओसरीत करतो, बंद खोलीत नाही.

आता ताईला एका बाजूचे ४३ मिनिटे लागतात. रोजची २४ मिनिटे वाचली. वेळेपेक्षाही, ती घरी आल्यावर दिव्याखाली बसते, हे मी पाहून राहिलो आहे. बाबा पुढच्या वर्षाबद्दल अजून हो म्हणाले नाहीत. पण परवा त्यांनी स्वतःच चेनला तेल घातले.

पावसाळ्यात कालव्याची पाळ चिखलाने भरते. तेव्हा मोटर काढून ठेवावी लागेल. चार बोल्ट आणि तीन तारा, अर्ध्या तासाचे काम. त्या महिन्यांत मामाजी हीच मोटर धान उफणायच्या पंख्याला लावून पाहणार आहेत. तिथे दाते किती ठेवायचे ते मी काढून देणार आहे. जमले तर आकडे पुढच्या अंकात लावीन.