इंजिनाचा श्वास, माणसाचा श्वास

गोंदिया हा धानाचा जिल्हा. येथील राईस मिलच्या दारात आजही जुने टाटा ट्रक दिसतात. 1954 साली टेल्कोने डेमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रकनिर्मिती आरंभिली, त्याच परंपरेतले हे ट्रक.

इंजिनास डिझेलइतकीच हवाही लागते आणि थंड हवा दाट असते. 27 अंश सेल्सिअसची हवा बॉनेटखाली 57 अंशांपर्यंत तापली, तर तेवढ्याच जागेत सुमारे 9 टक्के प्राणवायू कमी मावतो. म्हणून हवेच्या पाइपाचे तोंड बॉनेटबाहेर, उंचावर न्यावे. पावसासाठी वर टोपी बसवावी. फिल्टरपासून इंजिनापर्यंतचा प्रत्येक जोड घट्ट आवळावा; फटीतून शिरलेली धूळ सिलिंडर व रिंगा झिजवते.

हा पाठ देताना आम्ही विद्यार्थ्यांना विचारतो : इंजिनाला गाळणी आहे, कोंड्याच्या धुळीत पोती वाहणाऱ्या आपल्या वडिलांच्या नाकाला काय आहे? 1942 ते 1946 या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना कामगारांच्या आरोग्यविम्याचा पाया घातला गेला. आमचे जे माजी विद्यार्थी आज मिल वा ट्रक चालवितात, त्यांनी फिल्टर बदलताना हमालांच्या मास्कचाही खर्च वहीत मांडावा.